बरे न झालेल्यांचा इतिहास शाळेत कोण शिकवणार?

मी तंजावरहून बोलतोय. या मालिकेत एरवी लढाया, किल्ले आणि तह येतात, आणि फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाकडून तुमचीही तीच अपेक्षा असते. आजचा विषय वेगळा आहे. शाळेत मुलांना अपंगत्वाचा इतिहास शिकवावा का, आणि शिकवायचा तर त्यात काय असावं, यावर आज बोलू.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यानंच देऊन ठेवलं आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संसदेनं २०१६ मध्ये केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. त्याचं ३९वं कलम जनजागृतीबद्दल आहे. शाळा, महाविद्यालयं आणि विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात दिव्यांगांचे हक्क यावेत, हे पाहायची जबाबदारी त्यात सरकारवर टाकलेली आहे. अपंगत्व ही माणसाच्या आयुष्यातली एक अवस्था आहे, याची ओळख शाळेपासून करून द्यावी, असंही तिथे म्हटलं आहे. आता तुमच्या घरातल्या सातवी-आठवीच्या मुलाचं इतिहासाचं पुस्तक उघडा आणि या विषयावरचं एक पान शोधून पाहा. महाराष्ट्रात असा, कर्नाटकात असा की इथे तमिळनाडूत, शोधून पाहा.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: शिकवायचं काय? त्यासाठी मी माझ्या गावापासून सुरुवात करतो. मराठी माणसाला अभिमान वाटावा असं या गावात पुष्कळ आहे, आणि त्या अभिमानाच्या आत एक प्रश्नही दडलेला आहे.

भिंतीवरचा इतिहास आणि कागदावरचा इतिहास

तंजावरला येणारा प्रत्येक मराठी पाहुणा बृहदीश्वराच्या मोठ्या देवळात जातो आणि तिथल्या भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास पाहून थक्क होतो. १८०३ मध्ये सरफोजीराजांनी तो कोरून घेतला. मराठीतल्या अतिशय लांब शिलालेखांपैकी तो एक आहे. त्यात राजे, लढाया, मुलूख, वंश असं सगळं आहे.

त्याच राजाच्या काळातला दुसरा इतिहास सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. तो फारसा कोणी पाहत नाही. डोळ्यांच्या रुग्णांचे ते कागद आहेत, काही मोडीत आणि काही इंग्रजीत. कोण रुग्ण आला, त्याची तक्रार काय होती, डोळ्यावर कोणता इलाज केला, याची टिपणं त्यांत आहेत. सोबत दुखण्यातल्या डोळ्यांची रंगीत चित्रं आहेत, दरबारी चित्रकारांच्या हातची. फोटो नव्हता त्या काळी राजाच्या चितारी लोकांनी साध्या माणसाचा मोतीबिंदू रंगवून ठेवला.

सरफोजी दुसरे यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजीराजांनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतलं. तुळजाजी वारले, अमरसिंगांनी गादी घेतली, आणि या मुलाची बरीच वर्षं नजरकैदेत गेली. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्यानं त्यांच्या शिक्षणाकडे लक्ष दिलं आणि पुढे त्यांना मद्रासला नेलं. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले, पण १७९९ च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती उरला तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा भाग. तलवार गाजवायला मुलूखच राहिला नव्हता. मग त्यांनी पैसा आणि वेळ लावला तो पुस्तकं, शाळा आणि औषधं यांवर. ‘धन्वंतरी महाल’ ही संस्था त्यातूनच उभी राहिली. वैद्य, हकीम आणि विलायती डॉक्टर यांची विद्या तिथे एकत्र तपासली जाई. अनुभवाला उतरलेले उपचार तमिळ पद्यात लिहवून घेतले गेले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावानं ते ग्रंथ आजही ओळखले जातात.

शाळेत शिकवण्याजोगी पहिली गोष्ट इथे सापडते. भिंतीवर राजांची नावं आहेत, आणि कागदावर रयतेतल्या माणसांची. आजार झालेला साधा माणूस नावानिशी इतिहासात आला तो या कागदांमुळे. आठवीच्या मुलाला एवढं कळलं तरी इतिहास म्हणजे फक्त राजांची यादी, हा समज ढिला होईल.

मध्यरात्रीची घंटा

त्या काळी आजारी, निराधार माणसासाठी दुसरी जागा होती छत्र. तंजावरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर भोसल्यांनी छत्रं बांधली, बरीचशी घराण्यातल्या स्त्रियांच्या नावानं. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र १८०२ चं. तंजावरहून बसनं तासाभरात तिथे पोचता येतं. मुलांची सहल न्यायला उत्तम जागा आहे.

ही छत्रं आपल्याच ताब्यात राहावीत म्हणून सरफोजीराजांनी १८०१ मध्ये कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला पत्र लिहिलं. छत्रात काय चालतं त्याचं त्यात बारकाईनं वर्णन आहे. ब्राह्मणापासून ज्यांना तेव्हा पारिया म्हणत त्यांच्यापर्यंत सगळ्यांना अन्न मिळे. शिजवलेलं नको असेल त्याला कोरडा शिधा. वाटेत आजारी पडलेल्यासाठी वैद्य आणि पथ्याचं जेवण. अनाथ मुलांचा सांभाळ आणि शिक्षण. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई की कोणी उपाशी राहिला असेल तर त्यानं यावं.

ती घंटा मला फार महत्त्वाची वाटते. ज्याला रांगेत पुढे घुसता येत नाही, ज्याला पुकारा उशिरा कळतो, ज्याला वाट दिसत नाही, त्याची आठवण व्यवस्थेनं ठेवली होती. फौजेच्या लंगरखान्यातही शेवटचा जवान जेवल्याशिवाय आवराआवर करायची नाही असा शिरस्ता असतो. तो दयेपोटी नसतो. ती शिस्त असते.

आता मघाचा प्रश्न. दवाखान्यात मोतीबिंदूवाला आला. त्याचा डोळा उघडला, तो घरी गेला. पण देवीच्या साथीत ज्याच्या दोन्ही डोळ्यांत फुलं पडली त्याचं काय? त्या काळी फूल पडलेल्या डोळ्यावर कोणाकडेच इलाज नव्हता. असा माणूस दवाखान्यातून परत फिरला की त्याच्यासाठी छत्राचं जेवण उरे. तो शिकला का? त्याला काम मिळालं का? त्याचं लग्न झालं का? त्यानं बापाच्या शेतात वाटा मागितला का? आपल्या अभिमानाच्या कागदांत या प्रश्नांसाठी रकानाच नाही.

सरफोजीराजांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. त्यांनी केलं तेवढं त्या काळच्या फार थोड्या सत्ताधीशांनी केलं. पण अपंगत्वाचा इतिहास बऱ्या झालेल्यांवर थांबत नाही. जो बरा होणार नव्हता त्याला समाजानं कुठे बसवलं, हा त्याचा खरा विषय आहे. दया आणि उपचार अशी दोन दारं तंजावरला दोनशे वर्षांपूर्वी उघडी होती. हक्काचं तिसरं दार उघडायला आणखी दीडशेहून जास्त वर्षं लागली. ती वर्षं मुलांना शिकवायला हवीत.

धृतराष्ट्राला कोणी डावललं?

महाभारत प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. थोरला असूनही धृतराष्ट्राला गादी मिळाली नाही, कारण तो आंधळा होता. आपण ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगतो. वर्गात विचारावं, हे ठरवलं कोणी?

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारशातून वगळायच्या माणसांची यादी आहे. जन्मांध, बहिरा, मुका, वेडा, अवयव नसलेला हे सगळे त्या यादीत आहेत. त्यांना पोसायचं, पण वाटा द्यायचा नाही. याज्ञवल्क्य स्मृतीतही तसंच. कल्याणीच्या चालुक्य दरबारात विज्ञानेश्वरानं त्या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, आणि इंग्रजी अमदानीत मुंबई आणि मद्रास या दोन्ही इलाख्यांतली कोर्टं हिंदूंच्या वारशाचे खटले तिच्याच आधारे चालवत. म्हणजे सांगलीचा जन्मांध मुलगा आणि तंजावरचा जन्मांध मुलगा, दोघांनाही एकच नियम. आंधळेपण जन्मापासूनचं आहे की नंतरचं, यावर वकील भांडत, कारण त्यावर जमीन मिळणार की फक्त भाकरी, हे ठरे.

हा नियम १९२८ च्या कायद्यानं बराचसा मोडला. आजार, व्यंग किंवा शरीरा-मनातला दोष एवढ्या कारणानं वारसा नाकारता येणार नाही असं ठरलं, पण जन्मापासून वेड किंवा मतिमंदत्व असलेल्यांना त्यातूनही बाहेर ठेवलं गेलं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८व्या कलमानं तीही अट गेली. महारोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा तर २०१६ मध्ये रद्द झाला.

या तारखा पाठ करून घ्यायच्या नाहीत. मुलानं त्यांतून एक गोष्ट उचलावी: आंधळ्या माणसाला जमीन न मिळणं हे डोळ्यांमुळे घडत नव्हतं, नियमामुळे घडत होतं, आणि नियम माणसं बदलू शकतात.

कोणाला मोजलं, कोणाला नाही

तुमच्या गावातली दुसरी कागदपत्रं म्हणजे जनगणना. इंग्रजांच्या जनगणनेत १८७२ पासून १९३१ पर्यंत ‘व्यंगांचा’ रकाना होता: वेडे, बहिरे-मुके, आंधळे आणि महारोगी. नावं ऐकूनच मोजणाऱ्याची नजर कळते. १९४१ पासून रकानाच गेला. स्वातंत्र्यानंतर तीन जनगणना होऊन गेल्या, पण अपंग किती हे कोणी विचारलं नाही. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं होतं. त्या वेळी प्रश्न आला आणि १९९१ मध्ये पुन्हा गेला. दिव्यांगांच्या संघटनांनी आग्रह धरला तेव्हा २००१ मध्ये तो परत आला. त्या वर्षी आकडा निघाला २ कोटी १९ लाख. २०११ मध्ये २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के.

दरम्यान शाळा उघडत होत्या. १८८०च्या दशकात मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी आणि १८८७ मध्ये अमृतसरला अंध मुलांसाठी. आमच्या तमिळ मुलखात त्या शतकाच्या अखेरीस पाळयंकोट्टैला मिशनरी बायकांनी अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा काढल्या. १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशननं मुंबईत अंध मुलांची शाळा सुरू केली. दादरची कमला मेहता शाळा ती हीच. ब्रेलची मात्र प्रत्येक प्रांतात वेगळी पद्धत होती. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि मराठी, तमिळ, हिंदी यांना एक सामायिक पाया मिळाला. कागदावर मराठी आणि तमिळ लिप्या कितीही वेगळ्या असोत, बोटांखाली मराठीचा ‘क’ आणि तमिळचा ‘क’ एकच. दोन भाषांमध्ये वाढलेल्या आमच्यासारख्या तंजावरच्या मराठी माणसांना ही गोष्ट विशेष गोड वाटते.

वीर आणि बिचारा

आता थोडं माझ्या घरातलं, म्हणजे फौजेतलं. जखमी शिपायाची सोय राज्यकर्त्याला नेहमी आधी सुचते. सभासदानं १६९७ च्या सुमारास बखर लिहिली ती जिंजीला, याच तमिळ मुलखात. अफझलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी जखमींना जखम पाहून बक्षीस दिल्याचं तो सांगतो. ‘जखम पाहून’ या दोन शब्दांत आजच्या अपंगत्व पेन्शनचं तत्त्व आलं.

पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावलेल्या हिंदी शिपायांना धंदा शिकवायला १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरी संस्था निघाली आणि ती पुढे खडकीला आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, दृष्टी गेलेल्या जवानांसाठी डेहराडूनला केंद्र उघडलं. त्याचे प्रमुख क्लुथा मॅकेंझी स्वतः गॅलिपोलीच्या लढाईत आंधळे झालेले न्यूझीलंडचे सैनिक होते. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, आणि कंबरेखाली लुळे पडलेल्या जवानांचं खडकीचं पुनर्वसन केंद्र १९७४ चं. मेजर जनरल इयान कार्डोझो यांचा पाय १९७१ च्या युद्धात गेला, आणि त्यानंतर त्यांनी पलटणीचं आणि पुढे ब्रिगेडचं नेतृत्व केलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. मधे ४६ वर्षं गेली.

हे सगळं मुलांना जरूर सांगा. पण त्यातला धोकाही सांगतो. माझ्या पलटणीतल्या एका हवालदाराचा पाय सुरुंगानं गेला. गावच्या शाळेनं त्याला स्वातंत्र्यदिनाला बोलावलं, हार घातला, मुलांना ‘हे आपले वीर’ म्हणून सांगितलं. व्यासपीठाला पाच पायऱ्या होत्या, म्हणून तो खालीच खुर्चीवर बसला. त्याचा पुतण्या पोलिओनं एका पायानं अधू. त्याला त्याच शाळेनं ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून प्रवेश नाकारला होता. एका घरात दोन अधू पाय. एक वीराचा, एक बिचाऱ्याचा. पायऱ्या मात्र दोघांनाही तेवढ्याच.

इतिहासाच्या पुस्तकात दिव्यांग माणूस आलाच तर तो या दोन वेषांत येतो. वीराला टाळ्या आणि बिचाऱ्याला देणगी दिली की वर्गाचं काम संपतं. दोघांपैकी कोणाचाही हक्क मध्ये येत नाही. मारियप्पन तंगवेलु या सेलम जिल्ह्यातल्या मुलानं २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये उंच उडीचं सुवर्ण मिळवलं. त्याचं पदक सगळ्यांना ठाऊक आहे. पाच वर्षांचा असताना शाळेच्या वाटेवर बसनं त्याचा पाय चिरडला, हे किती वर्गांत सांगितलं जातं? रस्ता कसा होता, बस कशी चालवली जात होती, हेही अपंगत्वाच्या इतिहासात येतं.

एरवाडी टाळू नये

काही शिक्षक म्हणतात, मुलांना इतकं दुःखाचं कशाला? तंजावरच्या दक्षिणेला रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीचा प्रसिद्ध दर्गा आहे. मनाचा आजार तिथे बरा होतो या श्रद्धेनं दुरून लोक येत, आणि त्यांना ठेवून घेणारी खासगी घरं आसपास उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका घराला आग लागली. आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण गेले. त्यांना पळता आलं नाही.

सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, अशी घरं बंद झाली, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधण्यावर स्पष्ट बंदी घातली. नववी-दहावीच्या मुलांना ही घटना कळली पाहिजे. कारण बांधणारे राक्षस नव्हते. रुग्णांना तिथे आणून सोडणारे त्यांचेच आईबाप, भाऊ होते. थकलेले, गरीब, दुसरा मार्ग माहीत नसलेले. सरकारी मनोरुग्ण सेवा गावापर्यंत पोचलेली नव्हती. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी कोणाच्या तरी घरात आजही एक दार बाहेरून कडी लावून बंद असतं. त्या मुलानं हा धडा ऐकावा, म्हणून तो शिकवायचा.

गणिताचं पुस्तक

शाळा उलटंही शिकवू शकते, याचा दाखला जर्मनीत आहे. हिटलरच्या काळात तिथल्या शाळांच्या गणिताच्या पुस्तकांत उदाहरणं असत: एका मनोरुग्णावर किंवा अपंगावर रोज सरकारचा इतका खर्च होतो, तर तेवढ्या पैशांत निरोगी कुटुंबांसाठी किती घरं बांधता येतील? मुलं हिशेब करत होती. काही वर्षांनी, १९४० आणि १९४१ मध्ये, एका सरकारी योजनेखाली ७० हजारांवर अपंग आणि मनोरुग्णांना विषारी वायूनं मारण्यात आलं. ती योजना कागदोपत्री थांबल्यावरही हत्या चालूच राहिल्या. माणूस म्हणजे खर्च, हे शाळेनं आधी शिकवलं होतं.

आपणही गणितातूनच सुरुवात करू या. उताराचा, म्हणजे रॅम्पचा, नियम आहे एकास बारा. एक फूट चढायचं तर किमान बारा फूट लांबीचा उतार हवा. सातवीच्या मुलांच्या हाती मोजपट्टी द्या. शाळेच्या दाराशी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर चढ ४५ सेंटिमीटर, आणि उतार हवा ५४० सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच मीटरला थोडा कमी. मग शाळेत बांधलेला उतार मोजा. तो दोन मीटरचाच निघाला तर मुलांनी मुख्याध्यापकांना अर्ज लिहावा. गणित, नागरिकशास्त्र आणि मराठी असे तीन तास एकाच कामात होतील.

वर्गात करता येण्याजोगं

३ डिसेंबर हा दिव्यांगांचा आंतरराष्ट्रीय दिवस. बऱ्याच शाळांत त्या दिवशी मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावतात. पाच मिनिटं अडखळून मूल शिकतं ते एवढंच, की आंधळेपण भयंकर आहे. पांढरी काठी घेऊन बसस्टँडवरून रोज एकटा कामाला जाणारा माणूस अंधारात चाचपडत नसतो. तो त्याचं कसब वापरत असतो. त्याला वर्गात बोलवावं, आणि सत्कारासाठी न बोलावता शिकवायला बोलवावं. त्याचं मानधनही द्यावं.

भाषेच्या तासाला म्हणी घ्याव्यात. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’, ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’. मुलांनी आपल्या भागातल्या म्हणी गोळा कराव्यात आणि प्रत्येकीत हसू कोणाचं होतं ते पाहावं. म्हणी पुसून टाकायच्या नाहीत, पण त्या ऐकताना वर्गातल्या एखाद्या मुलाची मान खाली जाते, हे दिसायला हवं. शब्दांचाही इतिहास आहे: पंगू, अपंग, विकलांग, आणि २०१५ नंतर दिव्यांग. तमिळमध्ये ‘माट्रुत्तिरनाळि’, म्हणजे वेगळी क्षमता असलेला. शब्द बदलला, पण दाराशी पायऱ्या तशाच राहिल्या, तर त्या बदलाचा उपयोग किती, हे मुलं स्वतःच विचारतील.

इतिहासाच्या तासाला गावातले कागद शोधावेत. जुनं गॅझेटियर, शाळेचं जुनं हजेरीपत्रक, देवस्थानच्या अन्नछत्राच्या वह्या, घरातली वाटणीपत्रं. वाटणीपत्रात एखाद्या भावापुढे ‘याचा सांभाळ थोरल्यानं करावा’ असं लिहिलं असेल, तर तो भाऊ कोण होता, हे आजीला विचारा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यानं २००६ मध्ये शाळांत अपंगत्वाच्या इतिहासाचा आठवडा पाळायचा कायदा केला. त्यासाठी आग्रह धरणारी तिथली दिव्यांग तरुण मुलंच होती. आपल्याकडे ३९वं कलम तयार आहे. मागणाऱ्यांची वाट आहे.

तंजावरच्या शाळांसाठी तर सगळं हाताशी आहे. एका दिवसात मुलांना देवळाची भिंत दाखवता येते, सरस्वती महाल दाखवता येतो आणि ओरत्तनाडूचं छत्रही. संध्याकाळी परतताना गाडीत एकच प्रश्न विचारावा: ज्याचा डोळा बरा झाला नाही, तो या तिन्ही जागांपैकी कुठे होता? उत्तर पुस्तकात मिळणार नाही. मुलांना ते शोधावं लागेल, आणि शोधताना आपल्याच वर्गातल्या रिकाम्या बाकाकडे त्यांची नजर जाईल.

तुमच्या गावात असा कागद किंवा अशी जागा सापडली तर जरूर कळवा. मोडी कागद असेल तर आधी फोटो काढून ठेवा, मूळ कागद जपून ठेवा, आणि वाचायला इथे मदत करणारी माणसं आहेत. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.